तासिका संगीताची, तास गणिताचा!

शाळेतील संगीतशिक्षणाचा आढावा कसा घ्यावा आणि सुधारणेला प्रारंभ कोठून करावा?

मुंबईच्या वाचकासमोर 'बेलापूर' म्हटले, की नवी मुंबईतील उंच इमारती उभ्या राहतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवराकाठचे बेलापूर हे निराळे गाव. या गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूर शहरात असलेल्या रेल्वे स्थानकाच्या फलकावर अनेक दशके 'बेलापूर' हेच नाव राहिले. फलक वाचून उतरणारा नवखा प्रवासी पोहोचे श्रीरामपुरात. खरे बेलापूर तेथून काही किलोमीटर दूर!

फलकावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, हा प्रकार महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या वेळापत्रकातही आढळतो. आठवड्याच्या तक्त्यात 'संगीत' किंवा 'कला' असा एक चौकोन असतो. परीक्षा जवळ आली, की त्या चौकोनात गणिताचा नाही तर इंग्रजीचा जादा तास भरतो. विद्यार्थी तक्रार करीत नाहीत, पालक विचारीत नाहीत आणि वर्षअखेरीस प्रगतिपत्रकावर 'गायनात रस घेतो' अशी सुबक नोंद होते. संगीतशिक्षणाच्या आढाव्याची गरज येथूनच सुरू होते.

आढाव्याची परंपरा जुनीच

संगीतासारख्या कलेचा आढावा घ्यायचा तरी कसा, अशी शंका अनेकांना येते. सूर काय तराजूत तोलायचे? परंतु संगीतशिक्षणाची शिस्तशीर तपासणी ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये संगीत शाळा सुरू केली. पुढे 1916 मध्ये या शाळेच्या पुनर्रचनेचे काम पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी केले. त्याच वर्षी बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही भरली. भातखंडे पेशाने वकील होते. पुरावा गोळा करणे, तो ताडून पाहणे आणि मगच निष्कर्ष काढणे ही वकिली सवय त्यांनी संगीतात आणली. देशभर फिरून त्यांनी बंदिशी जमविल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या रूपाने विद्यार्थ्याच्या हाती पायरीपायरीने चढत जाणारा अभ्यासक्रम दिला. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (1918) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (1926) या संस्थांच्या उभारणीमागेही तेच होते.

दुसरे विष्णू म्हणजे कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकून त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गाणे हे दरबारी वा बैठकीपुरते नसून सामान्य घरातील मुलामुलींनी वर्गात बसून शिकण्याचा तो विषय आहे, हा त्यांचा आग्रह होता. 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी या मंडळाच्या परीक्षांची शिडी आज तालुक्याच्या गावीही परिचित आहे.

या दोघांच्या कार्यातून आजच्या शाळेने घ्यावयाचे धडे दोन आहेत. पहिला भातखंडे यांचा : आधी जे आहे त्याची नोंद करा, मग बदला. दुसरा पलुस्कर यांचा : संगीत निवडक गळ्यांसाठी नव्हे, सर्वांसाठी आहे.

कायदा काय म्हणतो?

संगीत हा 'वेळ उरला तर' शिकवायचा विषय आहे, असा समज सर्वत्र असला तरी कायद्याची व धोरणाची भूमिका तशी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक पट असलेल्या शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'अभ्यासाचे विषय' आणि 'अभ्यासेतर उपक्रम' ही भिंतच नको, असे म्हटले. शालेय शिक्षणाच्या 2023 च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिसरीसाठी 'बाँसुरी' आणि सहावीसाठी 'कृती' ही कलाविषयक पाठ्यपुस्तके 2024 मध्ये काढली.

महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय गायन, वादन, नृत्य तसेच लोककला यांतील प्रावीण्यासाठी अतिरिक्त गुण देण्याची तरतूदही झाली. त्यामुळे संगीत परीक्षांकडे ओढा वाढला, हे खरे. मात्र गुणांसाठी परीक्षा देणारा विद्यार्थी बहुधा खासगी वर्गात शिकतो. ज्याच्या घरी शुल्क भरण्याची ऐपत आहे, त्यालाच ती वाट मोकळी आहे. शाळेचे काम त्यापलीकडचे आहे. जो मुलगा खासगी वर्गाला जाऊच शकत नाही, त्याच्यासाठी शाळा हीच एकमेव संगीत शाळा असते.

सहा प्रश्नांचा आढावा

बेलापूरसारख्या गावातील एखाद्या शाळेने संगीतशिक्षणाचा आढावा घ्यावयाचे ठरविले, तर त्यासाठी समिती, निधी वा बाहेरचा तज्ज्ञ यांची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापक, एक-दोन शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनी सहा प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे कागदावर मांडली तरी चित्र स्पष्ट होते.

पहिला प्रश्न वेळेचा. गेल्या तीन महिन्यांत संगीताच्या किती तासिका वेळापत्रकात होत्या आणि किती प्रत्यक्षात झाल्या? दुसरा शिक्षकाचा. तासिका कोण घेतो, त्याचे प्रशिक्षण झाले आहे काय, नसल्यास त्याला कोणाची मदत मिळते? तिसरा साधनांचा. कपाटातील पेटीचा भाता फाटलेला आहे का, तबल्याची पुडी ताणलेली आहे का, आणि मुख्य म्हणजे कपाटाची किल्ली कोणाकडे असते? चौथा गीतसंचाचा. सातवीचा विद्यार्थी न पाहता किती गाणी पूर्ण म्हणू शकतो आणि ती कोणत्या प्रकारची आहेत? पाचवा सहभागाचा. वर्षभरात किती मुलांनी प्रत्यक्ष गायले वा वाजविले आणि किती जण केवळ श्रोते राहिले? सहावा मूल्यमापनाचा. प्रगतिपत्रकातील नोंद कोणत्या निरीक्षणावरून केली जाते?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत बोचरा आहे. बहुतेक शाळांत संगीत म्हणजे स्नेहसंमेलन, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी. त्यासाठी आठ-दहा 'चांगल्या आवाजाची' मुले निवडली जातात. तीच स्वागतगीत म्हणतात, तीच देशभक्तिपर गीत म्हणतात, तीच तालुकास्तरीय स्पर्धेला जातात. उरलेल्यांना 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले जाते. हे वाक्य सांगणारा शिक्षक ते सायंकाळी विसरतो. ऐकणारे मूल आयुष्यभर विसरत नाही. 'मला गाता येत नाही' असे हसत सांगणाऱ्या कित्येक प्रौढांच्या गळ्यावर असे एखादे वाक्य कायमचे बसलेले असते.

वस्तुस्थिती काय आहे? सुरांतील भेद जन्मतःच न कळणे ही अवस्था अत्यंत विरळ आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात असे मूल सरासरीने एखादेही भरत नाही. इतरांचा सूर लागत नाही तो बहुतांशी सरावाच्या अभावी, किंवा शिक्षकाने धरलेल्या पट्टीमुळे.

पट्टी कोणाची?

पट्टीचा हा मुद्दा वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात साधा आहे. काळी एक किंवा काळी दोन ही पट्टी पुरुष शिक्षकाला सोयीची असते. मुलांचा गळा लहान असल्याने त्यांना शिक्षकाचे खालचे सूर लागत नाहीत. म्हणून ती एक सप्तक वर जातात. मग अंतऱ्यात तार सप्तकाशी पोहोचताच गाण्याची जागा ओरडणे घेते. प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या पटांगणावरून ऐकू येणारा ताणलेला, चिरका सूर हा मुलांच्या आवाजाचा दोष नसून चुकलेल्या पट्टीचा परिणाम असतो. काळी चार, काळी पाच यांच्या आसपास गाणे बसवून पाहावे, गाण्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वर्गाकडून म्हणवून घ्यावा आणि दोन्ही सहज लागतील ती पट्टी वहीत नोंदवून ठेवावी. या उपायाला एक पैसाही खर्च येत नाही.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. काल खणखणीत गाणारा मुलगा आज भलत्याच सुरात घसरतो, वर्ग हसतो आणि तो गाणे सोडतो. आवाज फुटणे म्हणजे आवाज जाणे नव्हे, काही महिन्यांत तो नव्या जागी स्थिरावतो, एवढी माहिती शिक्षकाने वर्गाला आधीच दिली, तर अनेक गळे वाचतील. त्या काळात अशा मुलाच्या हाती टाळ, ढोलकी द्यावी किंवा त्याला मर्यादित सुरांचे गाणे द्यावे. गटाबाहेर मात्र काढू नये.

गावात गाणे, शाळेत मौन

बेलापूरच्या परिसराला संगीत बाहेरून आणावे लागत नाही. याच प्रवरेच्या काठी खाली नेवासे आहे, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे संतचरित्रकार महिपती (1715-1790) यांचे गाव. महिपती स्वतः कीर्तनकार होते. श्रीरामपूर तालुक्यातच गोदावरीकाठी सराला बेट असून गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील अखंड हरिनाम सप्ताह सर्वदूर प्रसिद्ध आहे. हरिपाठ, काकडा, भजन हे या भागातील नित्याचे स्वर आहेत.

परिणामी असे चित्र संभवते, की सातवीतील एखादा मुलगा सायंकाळी देवळात पखवाजावर भजनी ठेका बिनचूक धरतो, परंतु शाळेच्या प्रगतिपत्रकावर त्याच्या या कौशल्याचा मागमूसही नसतो. शाळेला त्याचा पखवाज ठाऊक नसतो आणि आपण जे करतो ते 'शिक्षण' आहे हे त्या मुलाला ठाऊक नसते. आढाव्याचा एक भाग म्हणून प्रत्येक वर्गात साधी पाहणी करावी : घरी वा गावात कोण गाते, कोण वाजविते, कोणते वाद्य आहे? उत्तरे ऐकून शिक्षकच चकित होतील.

मात्र येथे एक पथ्य पाळले पाहिजे. शाळा सर्व घरांतील मुलांची आहे. अभंगाबरोबर जात्यावरची ओवी, शाहिरी पोवाडा, भारूड, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतील भीमगीते, कव्वाली यांनाही वर्गात स्थान हवे. याच जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-ओवीचे वळण दिले, हेही मुलांना कळावे. जिच्या घरचे गाणे वर्गात पोहोचते, ती मुलगी वर्गाला आपले मानते. पखवाज आणि ढोलकी मुलग्यांची, टिपऱ्या मुलींच्या, ही विभागणीही आढाव्यात तपासून पाहावी.

परिपाठ : विसरलेली संगीत शाळा

'वेळच नाही' हे संगीताविषयीचे नेहमीचे उत्तर. हिशेब मांडला तर ते टिकत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षात किमान 220 कामाचे दिवस आहेत. आठवड्याला 35 मिनिटांची एक तासिका धरली आणि ती एकदाही बुडाली नाही, तर वर्षाला सुमारे 21 तास होतात. याउलट परिपाठातील प्रार्थना, राष्ट्रगीत, समूहगीत आणि 2023 मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' यांना मिळून रोज दहा मिनिटे धरली, तरी 2200 मिनिटे, म्हणजे 36 तासांहून अधिक वेळ भरतो. शाळेतील सर्वांत मोठा संगीताचा वर्ग वेळापत्रकात नाहीच, तो पटांगणावर भरतो.

या वेळेचे आज काय होते? अनेक ठिकाणी ध्वनिक्षेपकावर मुद्रित गीत लावले जाते आणि मुले स्तब्ध उभी राहतात. यंत्र बंद करून मुलांना गाऊ दिले, आठवड्याला एका ओळीचा सूर नीट बसविला, महिन्याला एक नवे समूहगीत घेतले आणि दर दिवशी वेगळ्या वर्गाकडे नेतृत्व सोपविले, तर वर्षअखेरीस आठ-दहा गाणी प्रत्येक मुलाच्या गळ्यात असतील.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882-1967) यांनी याच विचाराला आयुष्य वाहिले. वाद्य नसले तरी गळा प्रत्येकाकडे असतो, म्हणून शिक्षणाची सुरुवात गाण्याने आणि तीही आपल्या मातीतील लोकगीतांनी करावी, असे त्यांचे सूत्र होते. 1950 मध्ये त्यांच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, नित्य गायनावर आधारलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. कोदाय पद्धतीत हाताच्या खुणांनी स्वर दाखवितात. सा-रे-ग-म म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ती पद्धत परकी वाटणार नाही, कारण आपला 'सा'ही कोणत्याही पट्टीवर बसतो.

शिक्षक कोठून आणावा?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. प्रत्येक लहान शाळेला पूर्णवेळ संगीत शिक्षक मिळणे नजीकच्या काळात कठीण आहे. मात्र ज्या जिल्ह्यातील लोणी येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्याला सहकाराचा मार्ग सांगावा लागू नये. एकाच गावातील वा केंद्रातील तीन-चार शाळांनी मिळून एक संगीत शिक्षक ठेवावा आणि त्याने आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. 2020 च्या धोरणानेही शाळा संकुलांत कला व संगीत शिक्षक सामायिक असावेत, असे सुचविले आहे. गावातील पखवाजवादक, भजनी मंडळातील जाणकार, निवृत्त शिक्षक यांना मानधनावर निमंत्रित करता येईल. अशा व्यक्तीकडे कला असते, पण वर्ग सांभाळण्याचा अनुभव असेलच असे नाही. म्हणून वर्गशिक्षकाने सोबत बसणे आवश्यक आहे. त्यातून त्यालाही शिकता येते.

साधनांचा खर्चही वाटतो तितका मोठा नाही. बहुतेक शाळांत लेझीम असते. ती शारीरिक शिक्षणाच्या खोलीत पडून असते. टाळांच्या चार जोड्या, एक ढोलकी, एक दुरुस्त पेटी आणि भ्रमणध्वनीवरील तानपुऱ्याचे अ‍ॅप एवढ्यावर वर्ग चालतो. तालासाठी तर हात पुरतात. सोळा मात्रांचा तीनताल पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली देऊन वर्गातील प्रत्येक मूल एकाच वेळी म्हणू शकते. दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्राही तशाच.

बुद्धी वाढते म्हणून नव्हे

संगीताची बाजू मांडताना 'संगीताने गणित सुधारते, बुद्धी वाढते' असे सांगण्याची प्रथा पडली आहे. या दाव्यापासून सावध राहणे बरे. 1993 मध्ये 'नेचर' नियतकालिकात मोझार्टचे संगीत ऐकल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका विशिष्ट चाचणीतील गुण अल्पकाळ वाढल्याचे टिपण प्रसिद्ध झाले. तो परिणाम जेमतेम पंधरा मिनिटांचा होता, पण जगभर त्याचा गाजावाजा झाला. 2020 मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी 54 अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. काटेकोर रचनेच्या अभ्यासांत संगीतशिक्षणामुळे इतर विषयांतील गती वाढल्याचे त्यांना दिसले नाही.

याने संगीताचे महत्त्व कमी होत नाही. उलट त्याला दुसऱ्याच्या कुबड्यांची गरज नाही, हे स्पष्ट होते. गणित शिकवायचे ते गणितासाठी, संगीत शिकवायचे ते संगीतासाठी. चाळीस जणांनी एकमेकांचे ऐकत एका सुरात येणे, आपला आवाज योग्य वेळी वाढविणे आणि योग्य वेळी आवरणे हे शिक्षण दुसऱ्या कोणत्या तासिकेत मिळते?

एका वर्षाचा आराखडा

आढावा कागदावर राहू नये यासाठी वर्षाची आखणी हवी. जूनमध्ये शाळा भरताच सहा प्रश्नांची नोंद करावी आणि प्रत्येक वर्गाचे एक समूहगीत ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पहिल्या सत्रात परिपाठ, पट्टी आणि हाताने ताल एवढ्यावरच भर द्यावा. दिवाळीनंतर गावातील कलावंतांना वर्गात बोलवावे आणि मुलांनी घरातून जमविलेल्या गाण्यांची वही तयार करावी. संमेलनात निवडक मुलांच्या नाचाबरोबर प्रत्येक वर्गाचे एक सामूहिक गायन अनिवार्य करावे. मार्चमध्ये तेच जूनमधील गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे. दोन्ही मुद्रणे पालकसभेत एकापाठोपाठ ऐकविली, तर कोणत्याही अहवालाची गरज उरणार नाही.

मूल्यमापनही याच धाग्याने चालावे. राज्यात 2010 पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला विषयाला लेखी संकलित परीक्षा नाही, तो आकारिक नोंदींवर सोडला आहे. ही सवलत नसून संधी आहे. 'गायनात रस घेतो' याऐवजी 'जूनमध्ये सूर धरता येत नव्हता, आता गटाबरोबर धरतो' किंवा 'दादरा हाताने म्हणतो' अशी नोंद झाली, तर पालकांनाही तिचा अर्थ कळेल.

पहिल्या वर्षी सारे साधेलच असे नाही. तासिका पुन्हा बुडतील, पेटी पुन्हा बिघडेल. परंतु बुडालेल्या तासिकांची संख्या मुख्याध्यापकांच्या कक्षातील फलकावर दरमहा लिहिली जाऊ लागली, तरी पुष्कळ बदल घडेल. शहरांतील पालकांनीही आपल्या पाल्याच्या शाळेत हाच प्रश्न विचारून पाहावा. वेळापत्रकात संगीत आहे काय, असे विचारल्यास 'होय' हेच उत्तर मिळेल. विचारायचे ते एवढेच, की गेल्या आठवड्यात मुलांनी कोणते गाणे म्हटले?